बंद पडेपर्यंत चालव

ट्रॅक्टर भर चिखलात बंद पडला, तेव्हा मंजुळाने चावी फिरवून पाहिली, पुन्हा फिरवली आणि मग स्टिअरिंगवर कपाळ टेकून तशीच बसून राहिली. बांधावर सावडीला, म्हणजे एकमेकींच्या शेतात आळीपाळीने राबायला आलेल्या बायका रोपांच्या जुड्या घेऊन खोळंबल्या होत्या. त्यांतली कमळाबाई ओरडली, "काय झाला गो?"

काय झालं, हेच तर तिला कळत नव्हतं.

मंजुळा पोलादपूरच्या अलीकडची, नदीकाठच्या वाडीतली. काही वर्षांपूर्वी राबासाठी, म्हणजे भाताचं रोप टाकायची जागा भाजण्यासाठी, झाडाच्या फांद्या तोडताना नवरा सुधीर खाली पडला आणि त्याची कंबर कायमची गेली. त्या पावसाळ्यात तिने नांगर हाती धरला. बाईने नांगर धरला की पाऊस पाठ फिरवतो, असं म्हणणारे वाडीत कमी नव्हते. खुद्द तिची सासू बयाबाई दोन दिवस जेवली नव्हती. पाऊस आला, भात पिकलं, तोंडं बंद झाली. पुढे लंपीच्या साथीत एक बैल गेला आणि जोडी मोडली. राहिलेला बैल विकून, गाठीचं सगळं घालून, तिने उन्हाळ्यात महाडहून हा लहान ट्रॅक्टर आणला. चालवायला ती आधीच शिकली होती. आणला त्या दिवशी बयाबाईने त्याच्या चाकांवर पाणी घालून ओवाळलं.

रस्त्यावरच्या लहान खेपांना ट्रॅक्टर गुणी होता. लावणीआधीच्या चिखलणीला शेतात उतरला आणि रंग दाखवू लागला. तासभर चालायचा, मग इंजिन धापा टाकायचं आणि गप. काही केल्या हलायचा नाही. दुपार उलटली की आपोआप सुरू.

शोरूमचा मेकॅनिक विनीत महाडहून मोटारसायकलने यायचा, तोवर ट्रॅक्टर निवलेला असायचा. पहिल्या फटक्यात सुरू व्हायचा. काट्यावर डिझेल दिसायचं, फिल्टर साफ. दुसऱ्या खेपेला विनीत तिच्याशी बोललाच नाही. पडवीत खाटेवर पडलेल्या सुधीरकडे जाऊन म्हणाला, "दादा, गाडीत काही दोष नाही. ताईंना क्लच जमत नसेल. एखादा ड्रायव्हर बघा."

सुधीरने तोंड भिंतीकडे वळवलं. विनीत गेल्यावर मंजुळाने त्याला विचारलं, "तुलापन तसाच वाटता?"

"मला काय कळतंय त्यातला," तो न वळता म्हणाला.

त्या रात्री तिला अन्न गेलं नाही. रोपं जून व्हायला लागली होती. हिरवा रंग पिवळट पडत चालला होता, कांड्यांवर पेरं दिसू लागली होती. वरच्या धनगरवाडीत भिकाजीकडे बैल होते. ती चढण चढून गेली. "माझीच लावनी अर्धी पडलीय गो वहिनी," भिकाजी हात जोडून म्हणाला. "बैल दमलेत. कुठून देऊ?" ती आली तशी उतरली. वाटेत एका दगडावर बसून ती मोठ्याने रडली. ऐकायला कुणी नव्हतं म्हणून रडली.

आणि आता पुन्हा बंद. कमळाबाई जवळ येऊन हळूच म्हणाली, "मंजुळा, आमी उद्यापासना दुसरीकडं जातो. रागावू नको. त्यांचीपन रोपा वाट बगतायत."

मंजुळा ट्रॅक्टरवरून उतरली. पाय धुतले, लुगडं तसंच चिखलाचं, आणि मिनीडोर रिक्षा पकडून महाडला गेली.

शोरूमचा मॅनेजर म्हणाला, "तुमची तक्रार बंद झालेली आहे. मिस्टरांना पाठवा, त्यांच्याशी बोलतो."

"ट्रॅक्टर मी चालवते. बोलायचा तं माझ्याशी बोला."

तो फोनकडे वळला. मंजुळा दारातच खाली बसली. गिऱ्हाइकं तिला वळसा घालून आत जाऊ लागली. वॉचमनने उठायला सांगितलं, ती उठली नाही. तिच्या अंगात भांडायचंही बळ उरलं नव्हतं, घरी परतायचं मात्र त्याहून नव्हतं. शेवटी विनीतच बाहेर आला. "चला ताई," तो वैतागून म्हणाला, "एकदाचं दाखवूनच टाकतो."

ते शेतात पोचेपर्यंत ट्रॅक्टर निवला होता; विनीतने चावी फिरवताच सुरू झाला. विनीत उतरू लागला तशी मंजुळा आडवी आली.

"आता तू चालव. बंद पडेपर्यंत उतरायचा नाय."

तो चालवत राहिला. ती बांधावर उभी. आयुष्यात पहिल्यांदा ती आपलाच ट्रॅक्टर बंद पडावा म्हणून देवाचा धावा करत होती. विनीत वळणं घेत राहिला, चिखल उडत राहिला, आणि अखेर इंजिनाने धाप टाकली. गप्प झालं.

विनीतने चावी फिरवली. नाही. त्याचा चेहरा उतरला. खाली उतरून त्याने नळ्या चाचपल्या, मग काय मनात आलं कोण जाणे, टाकीचं झाकण फिरवलं. सुस्स करून आत हवा ओढली गेली. झाकणातलं हवेचं भोक कारखान्यातल्या रंगाने बुजलं होतं. हवा आत जात नव्हती, म्हणून टाकीतलं डिझेल इंजिनपर्यंत उतरत नव्हतं. काट्यावर डिझेल दिसत असताना झाकण उघडून बघायचं कुणाच्या मनातच आलं नव्हतं.

त्याने तारेने भोक मोकळं केलं. थोड्या वेळाने ट्रॅक्टर धडधडला.

"एवढासाच?" मंजुळा म्हणाली.

विनीत पडवीकडे निघाला. "दादांना सॉरी म्हणतो."

"त्याला कशाला? नावा मला ठेवलीस, मला सांग."

तो थांबला, मान खाली घालून म्हणाला, "चुकलं ताई."

तिला वाटलं होतं, हे ऐकून बरं वाटेल. वाटलं नाही. तिची नजर राबातल्या पिवळ्या रोपांवर होती.

अंधार पडेस्तोवर तिने चिखलणी केली. दुसऱ्या दिवशी कमळाबाई बायकांना घेऊन परत आली. सगळ्या वाकून लावत सुटल्या. जून रोपं मात्र धड फुटलीच नाहीत, आणि लावणीची वेळ टळल्याने तिची वरची शेतं तशीच पडीक राहिली. कापणीला भारे हाताला हलके लागले. झोडलं तर पेंढाच जास्त, दाणे पोचट.

बयाबाईने सुपातलं भात पाखडलं आणि जे उरलं त्याकडे बघत राहिली. सुधीर काठी टेकत खळ्यापर्यंत आला होता.

"माझी चूक झाली," तो म्हणाला. "तेव्हा त्या मेकॅनिकसमोर मी तुझ्या बाजूनं बोलायला हवा व्हता."

मंजुळाने सूप सासूच्या हातून घेतलं. "हवा व्हता," ती म्हणाली, आणि पाखडायला लागली.