पंडुम झाल्याचा निरोप

सदाशिव गेल्याचं कळलं तेव्हा मी फळ्यावर उदाहरण सोडवत होतो. चांद्याच्या दवाखान्यातून आलेल्या माणसानं वर्गाच्या दारातूनच सांगितलं. उदाहरण अर्धंच राहिलं... त्याला आता पाच आठवडे झाले.

सिंदेवाहीच्या शाळेत तो इंग्रजी शिकवायचा, मी गणित. आमची घरं शेजारी. बायको गेल्यापासून तो एकटाच राहत होता. इंग्रजी गोष्ट मुलांनी पाठ करू नये, तिच्यातल्या माणसांना ओळखावं, हा त्याचा हट्ट. मी म्हणायचो, "दोन दिवसांच्या धड्याला तू सहा दिवस लावतोस." त्यावर तो म्हणायचा, "तुझ्या गणितातली माणसं हौद भरून निघून जातात. माझी बसायला येतात."

एका चैत्रात धडा होता शेजाऱ्याच्या बागेतलं सफरचंद तोडणाऱ्या इंग्रज मुलाचा. सफरचंद कुणी पाहिलेलं नव्हतं, म्हणून सदाशिवनं अंगणातल्या कैऱ्या चिरून, मीठ लावून वर्गात नेल्या. सत्तावीस मुलांत चार जंगलातल्या गोंड गावांची. त्या चौघांनी फोड नुसती हातात धरली. "अबे चैतू, आंबट लागते म्हून भेते का?" पोरं हसली. सदाशिवही हसत म्हणाला, "खा रे, मी देतो आहे ना." गुरुजींचा शब्द म्हणून चैतूनं खाल्ली. दुसऱ्या दिवसापासून तो आलाच नाही.

कारण उरलेल्या तिघांनी सांगितलं. त्यांच्या गावांत आंब्याचा पंडुम, म्हणजे नव्या आंब्याचा मान देवाला आणि पूर्वजांना देण्याचा सण, झाल्याशिवाय कुणी कैरीला तोंड लावत नाही. चैतूनं घरी खरं सांगितलं होतं आणि बापानं शाळा बंद केली होती. सदाशिवला जेवण जाईना. रविवारी आम्ही दोघं सायकलींवर अकरा मैल गेलो.

बाप अंगणात दोरी वळत होता. मान वर न करता म्हणाला, "गुरुजी, इंग्रजाच्या घरचं तुमी पोराइले सांगून राह्यले. आमच्या घरचं एकडाव इचारलं काऊन नाई?"

सदाशिव जमिनीवरच बसला. "चुकलो, भाऊ. यापुढं पंडुम झाल्याशिवाय मीही आंबा खाणार नाही."

"झाला मनून तुमाले कोन सांगन?"

"चैतू सांगेल. पण त्यासाठी त्याला शाळेत यावं लागेल."

बापानं दोरी बाजूला ठेवली. मग हसला.

मंगळवारी चैतू आला. सदाशिवनं तोच धडा पुन्हा काढला आणि चैतूला पंडुमाबद्दल सांगायला लावलं. सांगून झाल्यावर चैतूनंच विचारलं, "गुरुजी, त्या पोरानं तोडायच्या आधी कोनाले इचारायचं होतं?" त्यावर वर्ग अख्खा तास भांडला... शेजारच्या वर्गात माझं गणित त्या दिवशी पुढं सरकलं नाही. मीही ऐकत होतो.

पुढं दर चैत्रात निरोप यायचा. चैतू शिकायला नागपूरला गेला, तेव्हापासून बाप स्वतः सांगायला येऊ लागला. मग सदाशिव आम्हाला हाक मारायचा, "झाला रे, खा आता!" तोवर आमच्याही घरी कैरी चिरली जात नसे.

परवा बाजाराच्या दिवशी चैतूचा बाप माझ्या दारात उभा राहिला. मला वाटलं, याला कळलं नसावं. मी सांगू लागलो, तर त्यानं हात वर केला.

"ठाऊक हाये मले. पन सांगितल्याबिगर गुरुजी खात नाईत ना... कुलूप व्हतं, तं दाराले सांगून आलो."

तो गेल्यावर मीही जाऊन त्या दारापाशी थोडा वेळ उभा राहिलो.