अण्णांची नापास फुलदाणी

अण्णा कुठल्याही भांड्याला सुंदर म्हणत नसत. बोटाच्या पेराने टिचकी मारत, कान जवळ नेत आणि म्हणत, "पास." नाहीतर काहीच म्हणत नसत. आमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा चहा पिण्याआधी त्यांनी कपाला टिचकी मारली होती. आई त्यावरून आठवडाभर रागावलेली होती.

धायरीचे अण्णा एका नामवंत व्यंगचित्रकाराची भट्टी सांभाळत. साहेबांना सगळं पुणं चित्रांवरून ओळखे. चिनी मातीची भांडी हा त्यांचा दुसरा संसार, आणि तिथे सोबतीला फक्त अण्णा. भट्टी निवली की दोघे समोरासमोर बसत. अण्णा टिचकी मारत, साहेब निकाल देत. नापास भांड्याच्या बुडावर साहेब कोळशाने फुली मारत आणि ते स्वतःच्या हाताने फोडत. "लोकांच्या चुका रोज छापतो," ते म्हणत, "आपल्या घरात ठेवून कसं चालेल?"

साहेब गेल्यावर त्यांच्या बंगल्यात संग्रहालय करायचं ठरलं. शहरात संगणकाच्या कंपन्या नव्याने येत होत्या. त्यांतल्या एकीने काचेची कपाटं दिली. मी ग्रंथालयातून नुकतीच निवृत्त झाले होते, म्हणून पाट्या लिहायचं काम माझ्याकडे आलं.

उद्घाटनाच्या दोन दिवस आधी अण्णा मधल्या कपाटापाशी थांबले. आत कमरेएवढी निळी फुलदाणी होती, तिच्यावर खुर्च्यांना चिकटलेल्या पुढाऱ्यांची रांग. अण्णांनी टिचकी मारली. आवाज बद्द आला. आडवी करून पाहिली तर बुडावर फुली. साहेब आजारी पडले आणि ती फोडायची राहून गेली होती. मी मात्र ती फुली साहेबांची सही समजून यादीत तशी नोंदही केली होती.

"बाई, ही मांडायची न्हाई. आतनं तडा हाय."

विश्वस्तांचे अध्यक्ष धावत आले. "अहो अण्णा, निमंत्रणपत्रिकेवर हीच छापली आहे!"

"छापली आसंल. पास कवा झाली?"

"तडा दिसतो तरी का कुणाला?"

"सायबांना ऐकू आला हुता." मग त्यांनी फुलीवर बोट ठेवलं. "लोक म्हंतील, सायेब आसलं काम करायचे."

मी सहसा मध्ये बोलत नाही. एक पाटी लिहिली आणि दोघांपुढे धरली : 'ही फुलदाणी कलावंताने नापास केली आहे. कारण : आतून तडा.' अध्यक्षांनी कपाळाला हात लावला. अण्णांनी ती मला दोनदा वाचायला लावली.

"ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "पर खाली सायबांचं नाव घालू नगा. नापासावर ते सही करीत नव्हते."

उद्घाटनाला सर्वांत जास्त गर्दी त्या पाटीपुढे झाली. कंपन्यांतली मुलं रविवारी आई-वडिलांना घेऊन येऊ लागली, ती थेट तिथेच जात. अध्यक्ष खूश. अण्णा मात्र चिडले. "पास झाल्याकडं कुनी बघंना, बाई. नापासाचीच वरात काढत्यात."

गेल्या महिन्यात अण्णा गेले.

आता मी पाहुण्यांना मागच्या दाराने आत घेते. आधी पास झालेली भांडी, एकेक करून, सगळी. साहेबांचं नाव पाट्यांवर आहेच. भट्टी अण्णांची, हे मी तोंडाने सांगते, आणि सांगताना माझा आवाज जरा मोठाच होतो. फुलदाणीपर्यंत पोचता पोचता बहुतेकांचे पाय दुखू लागलेले असतात.