दार उघडल्याचा दिवा

शहात्तर साली मी केनवडला सरकारी नर्स होते. माझा ट्रान्झिस्टर बिघडला म्हणून तो रिसोडला दुरुस्तीच्या दुकानात नेला. तो उघडलेला पाहिला आणि मला त्या तारांचं वेडच लागलं. सुट्टी मिळाली की एसटीनं रिसोड गाठायचं आणि दुकानदार चाचांच्या शेजारी स्टुलावर बसायचं. सुरुवातीला चाचांना वाटायचं, रेडिओचे परवाने तपासायला मला कुणीतरी पाठवलंय. मी दिसले की ते बाकावरचे सेट कापडाखाली झाकायचे. एकदा सोल्डरिंग करताना माझं बोट भाजलं, तरी मी तो जोड पुरा केला. तेव्हा कुठे त्यांनी तारा तपासायचं मीटर माझ्या हातात दिलं आणि एक-एक गोष्ट शिकवायला घेतली.

केनवडला मी एका शेतकरी कुटुंबाच्या घरामागच्या खोलीत राहायचे. एकटी बाई, त्यात आम्ही बौद्ध. जागा मिळायला बरंच फिरावं लागलं होतं. घरमालकिणीनं मात्र काही न विचारता खोली दिली. मी तिला मावशी म्हणायचे. खोलीची दुसरी किल्ली तिच्याकडे असे.

पावसाळा सरला आणि मला वाटू लागलं, आपल्यामागे खोलीत कुणीतरी येतं. काही चोरीला जात नव्हतं. पण घडी केलेली चादर थोडी सरकलेली असे, पेटीवर ठेवलेलं रजिस्टर उलटं पडलेलं असे. आपणच विसरलो असू, अशी मी मनाची समजूत घालायचे, पण ती पटायची नाही. त्याच सुमारास बायकांचं वागणंही बदललं. मी पाणवठ्यावर गेले की बोलणं थांबायचं.

मी चाचांना विचारलं, दार उघडलं की दिवा लागेल आणि दार पुन्हा लावलं तरी तो विझणार नाही, असं काही जमेल का? त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं.

"किसपे शक है बाई?"

मी कुणाचं नाव घेतलं नाही. त्यांनीही पुन्हा विचारलं नाही. एक जुना रिले, म्हणजे विजेनं ओढला जाणारा खटका, काढून दिला आणि एकदा जुळलेली त्याची जोडणी तशीच कशी धरून ठेवायची, ते कागदावर काढून दाखवलं. तीन वेळा माझी जोडणी चुकली. चौथ्यांदा दिवा लागला आणि लागलेलाच राहिला. दार उघडलं की एकमेकींना टेकतील अशा पत्र्याच्या दोन पट्ट्या चौकटीला ठोकल्या, टॉर्चचे सेल जोडले. बटण खिडकीच्या आत पडद्यामागे ठेवलं. बाहेर पडून कुलूप लावल्यावर गजांतून हात घालून ते चालू करायचं. आल्यावर आधी खिडकीतून पाहायचं.

पाच दिवस दिवा विझलेलाच होता. सहाव्या दिवशी दुपारी लसीकरणाहून आले तर पडद्यामागे तो पिवळा उजेड. तशीच मी पुढच्या अंगणात गेले. मावशी तुरीची डाळ पाखडत होती. मी म्हटलं, "मावशी, आज तुमी माझ्या खोलीत गेल्या होत्या."

तिनं सूप खाली ठेवलं. नाकारलं नाही.

"गेली होती. याआधीबी गेली."

"कायले?"

"लोक म्हन्तेत, तुह्या खोलीत मशीन हाये. त्याच्यात आमचं बोलनं जाते, मंग ऑपरेशनच्या यादीत नाव येते." तिनं पदराला हात पुसले. "मी दुसरीपर्यंत शिकली, बाई. पोराचं नाव वाचता येते मले. तुह्या रजिस्टरात हाये थे."

ते खरंच होतं. आणीबाणीच्या त्या दिवसांत वरून नसबंदीसाठी याद्या मागवल्या जात, आणि ज्या जोडप्यांना दोनपेक्षा जास्त मुलं होती, त्यांची नावं आम्ही लिहून द्यायचो. तिच्या मुलाला तीन लेकरं. हे मला कुठल्या यंत्रानं सांगितलं नव्हतं. याच अंगणात चहा देताना तिनं स्वतः कौतुकानं सांगितलं होतं, आणि त्याच संध्याकाळी मी ते लिहून काढलं होतं. मी तिला तसं सांगितलं. कमरेची किल्ली काढून तिनं माझ्यापुढे ठेवली आणि सूप पुन्हा हातात घेतलं.

यादी आधीच वर गेली होती. तिचा मुलगा बायकोला आणि लेकरांना घेऊन सासुरवाडीला, अनसिंगकडे निघून गेला. आठवड्यानं यादीतल्या माणसांना न्यायला सरकारी जीप आली. जीपमधल्या साहेबांनी विचारलं तेव्हा मी म्हटलं, ते मजुरीला बाहेरगावी गेलेत, कुठं ते ठाऊक नाही. नोकरीत मी बोललेलं ते पहिलं खोटं. पुढे कितीतरी दिवस जीपचा आवाज आला की मी हातातलं काम टाकून रस्त्याकडे पाहायचे.

पट्ट्या मी काढून टाकल्या. रिसोडला जाणं मात्र सोडलं नाही. पुढे टाकी भरली की वाजणारी घंटा केली, ती दवाखान्यात बरीच वर्षं चालली.

मुलगा उन्हाळ्यात परतला. मावशी माझ्याशी बोलायची, ताक आणून द्यायची, पण पूर्वीसारखी आत न येता तांब्या उंबऱ्यावर ठेवायची. आत या म्हटलं की म्हणायची, "काम पडलं हाये." आणि आपण आत पाऊल टाकलं नाही हे मला दिसावं म्हणून मी दार लावेपर्यंत तिथंच उभी राहायची.