पांढरं पडलेलं पाणी

हाही फोटो काळाच आला. मागचं पाणी झकास, आकाश झकास, आणि मधे नवरी म्हणजे नुसती सावली. मे महिन्याच्या उन्हात कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर काही दिसत नाही, म्हणून मी ओढणी डोक्यावरून पुढे ओढून तिच्या आडोशाला बघत होते. घाम डोळ्यांत जात होता. लग्नसराई सुरू झाली की अंगातला थकवा उतरतच नाही, आणि त्यात हे.

मी वरठीच्या एका फोटो स्टुडिओत कामाला आहे. त्या दिवशी प्रणाली नावाच्या मुलीच्या हळदीचं काम होतं. तिच्या घरच्यांचं जुनं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं. नवीन गावठाण दूर, सडकेला लागून आहे. पण त्यांची मातामाय, म्हणजे शेंदूर लावलेला गावदेवीचा दगड, जुन्या जागीच राहिली. उन्हाळ्यात पाणी उतरलं की तिचा ओटा वर येतो. आधी तिला हळद लावायची, मग नवरीला, तिथेच, तिच्यासमोर. त्या घरात असंच चालतं. म्हणून आम्ही बायका डोंग्यात, म्हणजे छोट्या नावेत बसून आणि पुढे चिखल तुडवत तिथे पोचलो होतो.

प्रणालीचे बाबा, नामदेवभाऊ, आले नव्हते. लकव्यानं त्यांची एक बाजू गेली आहे, चिखलातून नेणार कसं? निघताना त्यांनी मला खाटेजवळ बोलावलं होतं.

"ताई, मले आता फोटोतच पाहा लागते. मातामाय दिसली पायजे अन् पोरगी बी दिसली पायजे. एक दिसते अन् एक नाही, असं नोका करू."

इथे तर दोघीही दिसत नव्हत्या. ऑटोवर ठेवलं की उजेड किती घ्यायचा ते कॅमेरा ठरवतो, सगळ्या चित्राचा अंदाज घेऊन. प्रणाली आणि मातामाय यांच्यावर चार बायकांनी शेला धरला होता, म्हणजे दोघी सावलीत. मागे पाणी डोळे दिपवत होतं. कॅमेरा पाण्याकडे बघून उजेड कमी करायचा आणि सावलीतलं सगळं काळं व्हायचं. फ्लॅश दुसऱ्या लग्नाला गेला होता.

आमचे मालक किशोरभाऊ यांना फोन लावला. ते म्हणाले, मॅन्युअलवर घे. इतकी वर्षं मात्र उलटं सांगत होते, ऑटोवर ठेव आणि बाकी कशाला हात लावू नको. मी म्हटलं, मला नीट येत नाही.

"काटा मधोमध आण, झालं. अन् मागचं पाणी फाटू देऊ नको. फाटलेला फोटो मी अल्बममध्ये घेत नाही."

फाटणं म्हणजे एखादा भाग इतका पांढरा पडणं की तिथे काहीच उरत नाही.

मॅन्युअलमध्ये सगळं आपल्या हातात असतं. नळाखाली घागर भरतो तसंच. नळ किती उघडायचा, ते अॅपर्चर. किती वेळ चालू ठेवायचा, ते शटर. तिसरा आयएसओ, तो वाढवला की कमी उजेडातही भागतं, पण फोटोत दाणे येतात. आणि उजेड कमी की जास्त, ते सांगायला खाली एक काटा. मी शटर फिरवून काटा बरोबर मधोमध आणला. फोटो काढला. परत काळा.

"काहून थांबली वो? हळद सुकून राहिली," प्रणालीची मोठी माय, म्हणजे थोरली काकू, म्हणाली. तिचंही बरोबर होतं. मला रडूच यायचं बाकी होतं.

मग कळलं. काटा मधोमध आणायचा म्हणजे कॅमेऱ्याचंच ऐकायचं. मग ऑटोनं काय घोडं मारलं होतं? मी काट्याकडे बघणंच सोडलं आणि शटर हळू करत गेले. काटा जास्तीच्या टोकाला जाऊन टेकला. फोटोत प्रणाली उगवली, हळदीचे गाल, ओले डोळे, समोर मातामायचा शेंदूर. मागचं पाणी मात्र साफ उडालं, पांढरं फटक. मालकाच्या भाषेत फाटलेला फोटो.

शेवटी मोठ्या मायच्या हातात पितळी परात दिली आणि शेल्याबाहेर उभं करून परातीवरून उलटणारं ऊन दोघींवर पाडायला लावलं. आता सावलीतही उजेड आला, म्हणून शटर पुन्हा जलद करता आलं. पाणी आलं, पोरगी आली, मातामाय आली. सगळं जिथल्या तिथे. खरं सांगते, मला स्वतःचं कौतुक वाटलं.

परत आल्यावर मांडवात नामदेवभाऊंना तोच फोटो दाखवला.

"लय पानी आहे वो ताई."

मी पुढचा दाखवायला बटण दाबलं, ते चुकून मागचं दबलं. पांढरा फोटो आला. मी म्हटलं, हा बिघडला भाऊ, मागचं सगळं उडालं यात.

"राहू द्या, राहू द्या." त्यांनी चांगल्या हातानं कॅमेरा धरला. "यात पानीच नाही. मातामायच्या मांगं आमचं आंगन होतं. हा पाह्यला तं आहे असं वाटते. हाच मोठा करून द्या."

प्रणाली बाजूलाच होती. ती उठून आत गेली. मी कॅमेरा तसाच त्यांच्या हातात राहू दिला.

किशोरभाऊ अर्थात चिडले. हा डिलीट काहून नाही केला, स्टुडिओचं नाव खराब होते, गिऱ्हाइकाला समजावून सांग. मी म्हटलं, नामदेवभाऊंना तुम्हीच समजावा. ते काही गेले नाहीत. फोटो मोठा होऊन त्यांच्या खाटेसमोरच्या भिंतीवर लागला.

मी आता मॅन्युअलवरच काढते. फक्त काम सुरू करायच्या आधी लोकांना विचारून घेते, फोटोत काय नको आहे. आधी चमकतात, पण सांगतात.