सरांची स्कूटर

क्लबात मुलांच्या सुरक्षेसाठी एक अधिकारी नेमायचं ठरलं त्या मीटिंगला मी गैरहजर होते. म्हणून ते पद माझ्या गळ्यात पडलं. वाशीला दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं. जेवण छान होतं, हे आधी कबूल करते. एक नियम मात्र माझ्या घशाखाली उतरेना. प्रशिक्षकाने एकट्या मुलीला आपल्या गाडीवरून न्यायचं नाही. प्रशिक्षक कितीही चांगला असला तरी.

आमच्या सानपाड्याच्या मैदानावर कबड्डी शिकवणारे सर खरोखरच चांगले. उशीर झाला की मुलींना स्कूटरवरून घरी सोडायचे. माझ्या लेकीलाही कितीदा सोडलंय. सध्या ते कळंबोलीच्या एका चौदा वर्षांच्या मुलीला सोडत होते. तिचे वडील ट्रेलरवर ड्रायव्हर, आई डबे करण्यात अडकलेली. स्कूटर बंद झाली तर पोरीचा खेळ संपला, हे मला दिसत होतं.

तरी सरांना सांगितलं.

"म्हणजे माझ्यावर संशय?" सर भडकले. "तुमच्या मुलीला सोडत होतो, तेव्हा नियम कुठे गेला होता?"

त्या संध्याकाळी मुलीला मीच बसमध्ये बसवलं आणि तिच्या आईला फोन करून स्टॉपवर बोलावलं.

दुसऱ्या दिवशी मुलीची आई मैदानावर हजर. भांडायलाच आली असं समजून मी आधीच माफी मागायला लागले. तिने मला थांबवलं.

"ताई, बरं केलंसा. सर देवमानूस हायेत. पन बिल्डिंगीतल्या बायका कायबाय बोलाय लागल्या व्हत्या. सोमवारपास्नं मी हिला पाठवनारच नव्हते. आजारी हाय म्हनून सांगनार व्हते. आता डबे लवकर उरकून मीच स्टॉपवर येत जाईन."

मी हे सरांना जसंच्या तसं सांगितलं. त्यांचा चेहरा इतका उतरला की मला त्यांची दया आली.

"अहो, मग मला सांगायचं ना! मी काय खाल्लं असतं तिला?"

"सर, संघ तुम्ही निवडता. तिची लेक तुमच्या हाताखाली. ती कशी सांगणार?"

सर बाकावर बसले. मग हळूच म्हणाले, "मागच्या वर्षी दोघी आजारी म्हणून यायच्या बंद झाल्या. मी फळं घेऊन गेलो होतो त्यांच्या घरी. त्या खरंच आजारी होत्या का हो?"