मागच्या दारानं निघालेली बाई

आत्या गेल्याचा फोन मला पुष्पाजींनी केला. "बिटिया, जिज्जी नहीं रहीं," एवढं बोलून त्या थांबल्या आणि मग पलीकडून नुसता लक्ष्मी गेटच्या गल्लीतला आवाज येत राहिला... स्कूटरचा हॉर्न, कुणीतरी कुणाला मारलेली हाक. माझी सख्खी आत्या, आणि बातमी कळवणार समोरच्या घरातल्या शेजारीणबाई. पण झाशीत आत्याचं नात्यातलं असं उरलं होतं कोण? आम्ही रेल्वेवाले. वडिलांची नोकरी संपली तसे पुण्याला आलो. ती तिथेच राहिली. "मी पण निघाले तर या गल्लीत मराठी कोण बोलेल, मांजर?" असं म्हणायची.

तिला दिलं होतं झाशीतल्याच जुन्या मराठी घरात. पूर्वज कधीकाळी दरबारी कारकुनी करायला तिकडे गेलेले. कारकुनी संपली, ताठा शिल्लक राहिला. आत्याचा नवरा फार लवकर गेला, आणि पुढे कितीतरी वर्षं सासऱ्यांनी तिला नोकरी करू दिली नाही. 'आपल्यात करत नाहीत,' एवढंच कारण. ते गेल्यावर ती मुलींच्या शाळेत शिकवायला लागली, तोवर केस पिकायला लागले होते. याबद्दल तिनं कधी रडगाणं गायलं नाही. तिला राग यायचा तो सिनेमा बघताना.

पुण्याहून येणाऱ्यानं जुन्या मराठी चित्रपटांच्या कॅसेट आणायच्या, ही तिची सक्त ताकीद असे. रविवारी दुपारी भाड्याचा व्हीसीआर यायचा, सतरंजी पडायची आणि गल्लीतल्या बायका निवडायची भाजी घेऊन बसायच्या. त्यांना मराठी ओ की ठो कळत नसे. म्हणून आत्या टीव्हीच्या बाजूला उभी राहून एकेक वाक्य हिंदीत सांगायची, खलनायकाच्या हसण्यासकट. "पहले ये देखो, बैठा कौन है और खड़ा कौन है," हे ती सुरुवातीलाच बजावायची. पाटील, सासरा, भटजी, साहेब... ज्याला बसायला मिळतं त्याचं राज्य, असा तिचा साधा हिशेब. मी पुढे सिनेमातली सत्ता आणि सिनेमातली मुक्ती यांवर बरीच जाडजूड पुस्तकं वाचली, पण अजूनही पडद्यावर काही सुरू झालं की मी आधी खुर्ची शोधते.

मी दहा-अकरा वर्षांची असताना पुष्पाजींचे यजमान गेले. ते रेल्वेत होते, त्यांच्या जागी पुष्पाजींना नोकरी मिळत होती. पण त्यांच्या सासूबाई कुठल्याशा बाबाकडे जाऊन आल्या आणि सांगू लागल्या, की या पोरीचा पायगुण वाईट आहे, ती कमवायला बाहेर पडली तर धाकटा मुलगाही हातचा जाईल. नोकरी त्या धाकट्यालाच मिळावी, अशी नेमकी बाबांचीही इच्छा निघाली. बाबा भलतेच व्यवहारी! आज हसू येतं. पण पुष्पाजी तेव्हा जेमतेम पंचविशीच्या, कडेवर मुलगी, आणि बाबांच्या बोलण्यावर त्यांचा खरोखर विश्वास बसला होता. सोमवारी साहेबांपुढे जाऊन, नोकरी दिराला द्या, असं त्या सांगणार होत्या. आत्यानं समजावून पाहिलं, रागावून पाहिलं. काही उपयोग झाला नाही.

आदल्या दिवशी रविवार होता. आत्यानं मुद्दाम एका विधवा सुनेची गोष्ट लावली. त्यात सुनेला शाळेत शिकवायला जायचं असतं आणि सासरा म्हणतो, तू उंबरा ओलांडलास तर गावावर देवीचा कोप होईल. आत्यानं तो सिनेमा पूर्वी पाहिला असावा, पण शेवट विसरली होती. कारण शेवटी सून गाठोडं खाली ठेवते, झोपाळ्यावर बसलेल्या सासऱ्याच्या पाया पडते आणि म्हणते, "मामंजी, माझं चुकलं." आत्यानं एकदा पुष्पाजींकडे पाहिलं... आणि मग खणखणीत आवाजात म्हणाली, "कह रही है, पाँव छूकर जा रही हूँ, अब रोकिए मत." पडद्यावर सून मान खाली घालून आत वळली. "पिछले दरवाज़े से निकल रही है," आत्या म्हणाली, "उधर से रास्ता छोटा पड़ता है." मला मराठी कळत होती. मी तोंड उघडणार, तोच तिनं माझ्या दंडाला असा चिमटा काढला की डोळ्यांत पाणी आलं. सोमवारी पुष्पाजींनी साहेबांना सांगितलं, नौकरी हम करेंगे. सासूबाईंनी पुढे बरेच दिवस त्यांच्या हातचं पाणी घेतलं नाही. दीर आजही ठणठणीत आहे, ओरछा गेटला दुकान चालवतो.

गेल्या हिवाळ्यात मी आत्याला शेवटची भेटले. पुष्पाजी नुकत्याच खिचडी ठेवून गेल्या होत्या. आत्या म्हणाली, "मी चक्क झूठ बोलले गं तिच्याशी. त्या दिराला काही झालं असतं, तर ती जन्मभर स्वतःला खात बसली असती. दुसरीचं आयुष्य पणाला लावायचा मला काय हक? मीही शेवटी खुर्चीतच बसले की." मी म्हटलं, मग आता सांगून टाक. "नको. तिला वाटेल, जिज्जीनं बुद्धू बनवलं. आणि ती फिल्म तिला कधी दाखवू नकोस." इतकी वर्षं हा सल तिनं मनात ठेवला होता, हे मला त्या दिवशी कळलं.

तेराव्याला मी झाशीला होते. पाहुणे पांगल्यावर पुष्पाजी शेजारी येऊन बसल्या. "बिटिया, वो फिलम मोबाइल पर मिल जाएगी?" मी टाळाटाळ केली, पण त्या ऐकेनात. आम्ही दोघींनी मिळून तो सिनेमा पाहिला. सून पाया पडली, आत वळली, आणि मी घाईघाईनं काहीतरी सारवासारव करू लागले.

"रहने दो, बिटिया. हमें उसी दिन पता था," पुष्पाजी म्हणाल्या. "मराठी नहीं आती थी, आँखें तो थीं. औरत रोती हुई रसोई में जा रही है, सामने चूल्हा दिख रहा है, और जिज्जी कह रही हैं, रास्ता छोटा पड़ता है!" त्या हसल्या, मग डोळे पुसले. "जिज्जी ने ज़िंदगी में कभी झूठ नहीं बोला था. उस दिन बोल रही थीं, वो भी दुगुनी आवाज़ में. तब हमने सोचा, जब जिज्जी झूठ बोल सकती हैं, तो बाबा क्यों नहीं बोल सकता?"

मी विचारलं, हे तुम्ही आत्याला कधीच का सांगितलं नाही?

"कैसे कहते? उन्हें बुरा लगता. कितनी मेहनत से तो बोला था."