कुत्र्याला नाव, सारंगाला नाही

नेदरलँड्समधल्या आमच्या हूफडॉर्पहून निघालो तेव्हा ऊन होतं. फेअरबोटीवर (बेटावर नेणारी मोठी बोट) चढलो आणि वाऱ्याने माझी ओढणी थेट पाण्यात नेली. अण्णा खो खो हसले. अण्णा म्हणजे माझे सासरे, दाभोळचे. अठ्ठावीस वर्षं मालवाहू जहाजांवर काढली, त्यातली शेवटची बारा सारंग (खलाशांचा प्रमुख) म्हणून. इथे येऊन महिनाभर नुसते कालवे बघून ते कंटाळले होते, म्हणून हा बेत.

बेटावरच्या संग्रहालयात आधी केल्टिक साधूंची दगडी झोपडी होती. ओल्या लोकरीचा वाससुद्धा सोडला होता. पुढे व्हायकिंगांची होडी. बाकं हलत होती, तोंडावर खारे तुषार येत होते. अण्णांनी वल्हं हाती घेतलं आणि शेजारचं डच कुटुंब त्यांच्या तालावर वल्हवू लागलं. किनाऱ्यावर मेणाचं व्हायकिंग कुटुंब उभं होतं, प्रत्येकाच्या गळ्यात नावाची पाटी.

"कवट्यांवरून चेहरे घडवले," तिथली फ्रायविलिखर (विनावेतन काम करणारी बाई) म्हणाली. "नावं आमच्या कल्पनेतली."

शेवटच्या दालनात एका आगबोटीचा जुना फोटो होता. खाली कप्तानाचं नाव, अधिकाऱ्यांची नावं, कप्तानाच्या कुत्र्याचंही नाव. मागे ओळीने उभ्या आपल्याकडच्या आठ माणसांसाठी एकच शब्द: बेडींडन.

"म्हणजे काय गं?" अण्णांनी विचारलं.

"नोकर."

ते काचेला नाक लावून पाहत राहिले. "हा नोकर नाही. गळ्यातली साखळी बघ, शिट्टी बघ. सारंग आहे हा. याच्या शिट्टीशिवाय नांगर उचलला जात नाही."

माझं डोकं तडकलं. मोडक्यातोडक्या डचमध्ये मी त्या बाईला गाठलं.

"फोटोच्या मागे तसंच लिहिलं होतं," ती म्हणाली.

"हाडांना नावं देता तुम्ही! कुत्र्याचं जपून ठेवता! आणि या माणसांचं काम काय होतं, एवढंही विचारावंसं वाटलं नाही?"

ती लाल झाली. पण तिने खुर्ची आणली, अण्णांना बसवलं आणि ते सांगतील ते कागदावर उतरवून घेतलं. मी भाषांतर करत होते. अण्णा शांतपणे एकेका माणसाचं काम सांगत गेले.

परतताना ते म्हणाले, "बाईने ऐकून तरी घेतलं." मला तेवढ्यावर समाधान मानता येईना. जगाची जहाजं ज्यांनी हाकली, त्यांनी कुणी ऐकून घेतलं म्हणूनही आभार मानायचे?

अण्णा दाभोळला परतल्यावर संग्रहालयाची मेल आली. पाटी बदलली होती: 'आशियाई मदतनीस'.

फोनवर वाचून दाखवलं. अण्णा म्हणाले, "सारंग लिहायला तीनच अक्षरं लागतात ना गं?"

तोच प्रश्न मी जसाच्या तसा संग्रहालयाला लिहून पाठवला आहे.